सोमवारचा करडा चौकोन

१

शुक्रवारी सकाळी मी सर्व्हर रूमचं दार उघडलं आणि उंबऱ्यातच थबकले. आत एक डिस्क टकटक करत होती. हा आवाज ज्यानं एकदा ऐकलाय त्याला तो पुन्हा समजावून सांगावा लागत नाही. डिस्क मरताना असाच आवाज करते.

तरी मी मनाची समजूत घातली, की एक गेली तर गेली, दुसरी आहे. आमचं काम दवाखान्यांचे स्कॅन सांभाळण्याचं. प्रत्येक चित्र एकाच वेळी दोन डिस्कवर लिहिलं जातं, म्हणजे एकीनं मान टाकली तरी दुसरी तारून नेते. मी वाकून दुसरीचा दिवा पाहिला, तर तो विझलेला. हात लावला, तर ती थंडगार. ती काही आज गेलेली नव्हती. बिचारी मंगळवार-बुधवारपासून तशीच मरून पडली होती आणि आम्हाला पत्ताच नव्हता.

शनिवारी सगळ्याची एक प्रत दुसऱ्या इमारतीत जाते. म्हणजे गेल्या शनिवारपर्यंतचं सगळं शाबूत होतं आणि या आठवड्याचे सगळे स्कॅन पाण्यात गेले होते. ज्या माणसांनी ते यंत्रात श्वास रोखून पडून काढून घेतले होते, त्यांना आता पुन्हा बोलवावं लागणार होतं.

खरं तर हे व्हायलाच नको होतं, कारण डिस्कवर नजर ठेवायला आम्ही एक प्लगइन बसवलं होतं. दर पाच मिनिटांनी डिस्कची नाडी बघायची आणि भिंतीवरच्या पडद्यावर चौकोन रंगवायचा, एवढंच त्याचं काम. ठीक असेल तर हिरवा. बिघडलं तर लाल, आणि लाल झाला की आमचे फोन कोकलायला लागतात. मी पडद्याकडे पाहिलं. डिस्कचा चौकोन हिरवाही नव्हता आणि लालही नव्हता, तो करडा होता. करडा म्हणजे प्लगइनलाच काही कळत नाही, आणि करड्याला फोन वाजत नाहीत. त्याखाली एकच ओळ होती: परवानगी नाकारली.

साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली आणि प्लगइन कुणी लिहिलं ते विचारलं. मी सांगितलं, चिमणीनं. आमच्या टीममधली सगळ्यात हुशार मुलगी. वडिलांच्या ऑपरेशनसाठी आठवडाभर रजेवर होती, नेमकी आजच परत आली होती आणि बाहेर रडत बसली होती.

"संध्याकाळपर्यंत चूक कुणाची ते मला कळलं पाहिजे," साहेब म्हणाले. "नाही कळलं, तर जिचं प्लगइन तीच जाईल. आणि शोधायला बाहेरचं माणूस हवं. तुमच्या त्या जाऊबाई हेच काम करतात ना? बोलवा त्यांना."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आख्ख्या जगात त्यांना दुसरं कुणी मिळालं नाही.

२

जाऊबाईंविषयी मी निःपक्षपातीपणे सांगू शकत नाही, तेव्हा तो प्रयत्नच करत नाही. त्या माझ्या थोरल्या दिरांची बायको. कुठल्या कंपनीत यंत्रणा कोसळली की ती का कोसळली हे शोधायला यांना बोलावतात आणि वर मानानं गाडी पाठवतात. मी लग्न होऊन त्या घरात गेले तेव्हापासून सासूबाईंचं एकच पालुपद: मोठीचं बघ. मोठीचं शिवण बघ, मोठीचं बोलणं बघ, मोठीचं दही बघ.

दह्याचं तर विचारूच नका. माझं दही त्या घरात कधी लागलंच नाही. तेच दूध, तेच विरजण, आणि सकाळी झाकण काढावं तर भांड्यात नुसतं पाणी. सासूबाई चारचौघांत म्हणायच्या, "धाकटीच्या हातात गुण नाही." आम्ही वेगळं बिऱ्हाड केलं आणि पहिल्याच दिवशी सुरीनं कापावं असं घट्ट दही लागलं. त्या घराची हवाच मला मानवत नव्हती, असं म्हणून मी तो विषय सोडून दिला होता. म्हणजे सोडला असं म्हणायचे.

जाऊबाई आल्या. साडीची एक चुणी इकडची तिकडे झालेली नाही. माझ्या स्वेटरची तर बाही उसवलेली होती. त्यांनी मला विचारलं, "मालक खातं वापरायची मुभा कुणाकुणाला आहे?"

इथे थोडं समजावून सांगायला हवं. आमच्या यंत्रावर एक मालक खातं आहे, त्याला सगळं करता येतं. आणि एक पहारेकरी खातं, जे फक्त बघू शकतं. प्लगइन पहारेकरी म्हणून चालतं. मालक खात्याचा पासवर्ड माझ्याकडे, चिमणीकडे, काकांकडे, कुलूपवाल्याकडे आणि जावयाकडे.

"जावई? कुणाचे?"

"ऑफिसचा," मी म्हटलं. जावई म्हणजे चिमणीचा नवरा. ती इथे आधी लागली, तिच्या शब्दावर त्याला घेतलं, आणि पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हणालं, आले आमचे जावईबापू. तेव्हापासून त्याला दुसऱ्या नावानं कुणी हाक मारली नाही. तोही हसून ओ देतो. स्वभावानं गरीब आहे.

जाऊबाई या सगळ्यावर हं म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण चूक तुझीही असू शकते. तुझ्याकडेही पासवर्ड आहे."

३

पहिल्यांदा मलाच विचारलं. माझ्याच खोलीत, माझ्याच खुर्चीवर बसून. मी प्लगइनला मंजुरी दिली होती, पण हात लावला नव्हता, आणि हे मी जरा जास्तच जोरात सांगितलं. त्यांनी मान डोलावली. विश्वास बसला की नाही ते त्यांच्या चेहऱ्यावरून आजवर कुणाला कळलेलं नाही.

मग कुलूपवाला आला. सुरक्षेचं काम त्याच्याकडे. कुणाला काय उघडता येईल आणि काय नाही, हे तो ठरवतो, आणि त्याचा कल नाही म्हणण्याकडेच असतो. परवानगीचा विषय, म्हणून सगळ्यांचा पहिला संशय त्याच्यावर होता. तो शांतपणे म्हणाला, की पहारेकरी खात्यावर अशी बारा-पंधरा प्लगइन चालतात. त्यानं त्या खात्याची परवानगी काढली असती तर सगळेच चौकोन करडे झाले असते. एकच झाला, म्हणजे भानगड खात्यात नाही, त्या एका प्लगइनमध्ये आहे. जाऊबाईंना हे उत्तर आवडलं. मलाही पटलं, पण मी तसं दाखवलं नाही.

काकांवर मात्र संशयाचं पारडं जड वाटत होतं. काका आमच्यातले सगळ्यात जुने. डिस्कची तपासणी आधी त्यांच्याच प्रोग्रामवर चालायची, तो काढून चिमणीचं प्लगइन बसवलं आणि काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी ते लपवलंही नाही.

"त्या पोरीनं माझं काम हिसकावलं, मला राग आहे," ते म्हणाले. "तिच्या त्या खेळण्याला मी बोटसुद्धा लावलेलं नाही. लावणारही नाही."

एवढा उघड हेवा मी कधी ऐकला नव्हता. मला वाटलं, झालं, सापडला चोर. जाऊबाई फक्त म्हणाल्या, की काका, थंडीत गुडघे दुखत असतील ना, बसा जरा.

मग जावई. खरं सांगायचं तर तो बोलायला लागला आणि मला चिमणीचा हेवा वाटला. बायकोसाठी इतकं भांडणारा नवरा मी घरात पाहिलेला नाही. दर रविवारी यंत्र बंद करून नव्यानं चालू करायचं काम त्याचं. तो म्हणाला, प्लगइनमध्ये काही म्हणता काही दोष नाही. "रविवारी यंत्र चालू झाल्यावर मी स्वतः चालवून पाहिलं. अगदी व्यवस्थित चाललं. तिच्या कामात चूक निघत नाही हो, मॅडम."

प्लगइन आधीच वाचून काढलेल्या जाऊबाईंनी विचारलं, की प्लगइन मागचा आकडा टिपून ठेवायला एक छोटी फाइल बनवतं, त्या फाइलचं काही माहीत आहे का?

"कसली फाइल?" जावई म्हणाला. "त्याच्या आतलं मला काही माहीत नाही."

शेवटी चिमणी आली. डोळे सुजलेले, पण बोलणं नेहमीसारखं भरभर. ती म्हणाली, हे आजचं नाही, दोन-अडीच महिने चाललंय. दर सोमवारी येऊन बघावं तर चौकोन करडा. दरवेळी तेच कारण: ती छोटी फाइल मालकाच्या नावावर झालेली असते, मग पहारेकऱ्याला तिच्यात लिहिता येत नाही आणि तो दारातच अडतो. ती फाइल पुसली की सगळं ठीक, पुढच्या सोमवारपर्यंत. या आठवड्यात पुसायला ती नव्हती.

"स्वतः तपासताना तूच मालक खात्यावरून चालवत असशील," जाऊबाई म्हणाल्या.

"कधीच नाही. मी पहारेकरी होऊनच चालवते. मला वेड लागायची पाळी आली होती. घरीसुद्धा दर सोमवारी रात्री हेच रडगाणं, की ती फाइल मालकाच्या नावावर होतेच कशी."

जाऊबाईंनी चिमणीला बाहेर पाठवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, की कोण ते मला कळलं. पण ते त्यानं आपल्याच हातांनी दाखवून द्यायला हवं.

४

मला काहीच कळलं नव्हतं, आणि कळलं नाही असं त्यांना विचारायची माझी अजिबात तयारी नव्हती. मी मानेनंच हो म्हटलं.

दुपारी नव्या डिस्क बसल्या. जाऊबाईंनी सर्व्हर रूममध्ये एक खुर्ची मांडली आणि एकेकाला आत बोलावलं. मी आणि त्या मागे भिंतीला टेकून उभ्या. प्रत्येकाला एकच काम: प्लगइन नीट चालतंय का, ते तुमच्या नेहमीच्या पद्धतीनं तपासून दाखवा. आणि प्रत्येकाच्या आधी त्या यंत्र बंद करून पुन्हा चालू करायला लावत, रविवारी होतं अगदी तसं. यात इतका वेळ गेला की माझी बोटं गारठून गेली.

कुलूपवाला बसला, आधी पहारेकरी झाला, मग प्लगइन चालवलं आणि उठला. चिमणीनंही तेच केलं. काका बसले आणि प्लगइन शोधायला लागले. इकडे बघ, तिकडे बघ. ते ठेवलंय कुठे हेच त्यांना माहीत नव्हतं. शेवटी वैतागून उठले आणि म्हणाले, "सांगितलं ना, बोट लावलेलं नाही." माणूस खरंच बोलत होता.

मग जावई आला. त्याला शोधावं लागलं नाही. मालक खात्यावरून त्यानं प्लगइन चालवलं, पडद्यावर ठीक आहे असं आलं, त्यानं वळून आमच्याकडे पाहिलं आणि हसला. मग पुन्हा पडद्याकडे वळला, एक छोटीशी ओळ टाइप केली आणि उठला.

"ती शेवटची ओळ कसली होती?" जाऊबाईंनी विचारलं.

जावयाचा चेहरा उतरला. मी पुढे होऊन पडद्यावर वाचलं. त्यानं ती छोटी फाइल पुसली होती.

"आतलं काही माहीत नाही म्हणालात," जाऊबाई म्हणाल्या. "मग ती फाइल तिथे तयार झाली, ती मालकाच्या नावावर झाली आणि राहिली तर पहारेकरी अडेल, हे कुणी सांगितलं?"

५

चिमणीला आत बोलवावं लागलं. मला ते नको होतं. जाऊबाई म्हणाल्या, की तिची नोकरी पणाला लागलीय, तिला ऐकायचा हक्क आहे.

जाऊबाईंनी सगळं सरळ मांडलं. यंत्र बंद होऊन पुन्हा चालू झालं की जुनी तात्पुरती फाइल नाहीशी होते. त्यानंतर प्लगइन जो पहिल्यांदा चालवेल, त्याच्या नावावर नवी फाइल होते. रविवारी यंत्राजवळ एकच माणूस असतो. पहारेकरी जागा व्हायच्या आत तो मालक होऊन प्लगइन चालवतो, आणि चालवून पाहिलं असं सांगतोही. मालकाला कुठलंच दार बंद नसतं, म्हणून त्याला ते दरवेळी ठीकच दिसतं. तपासणाऱ्यानंच ते बिघडवलं, आणि तपासलं तेव्हा ते बिघडलेलं नव्हतं.

"हे चुकून झालं असतं तर मी समजू शकले असते," त्या म्हणाल्या. "पण ती दर सोमवारी घरी येऊन तुम्हाला सांगत होती की फाइल मालकाच्या नावावर होते. त्या दिवसापासून तुम्हाला माहीत होतं."

जावई खाली बघून बोलायला लागला. आधी खरंच माहीत नव्हतं, म्हणाला. तिच्या कामात एक तरी चूक सापडावी म्हणून तो दर रविवारी चालवून बघायचा. कधी सापडली नाही. मग तिनं फाइलचं सांगितलं आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याला थांबता आलं असतं.

"का नाही थांबलास?" चिमणीनं विचारलं.

"सोमवारी तू मला विचारायचीस," तो म्हणाला. "काय झालं असेल रे, म्हणायचीस. बाकीचे सहा दिवस तुला माझं काही लागत नाही. इथे मी जावई आहे, घरी पण जावईच आहे. सोमवारी मात्र तू माझ्याजवळ येऊन बसायचीस."

पंखे तेवढे गरगरत होते.

"आणि हा आठवडा?" चिमणी म्हणाली. "मी बाबांच्या उशाशी बसले होते. मी नव्हते विचारायला. मग या आठवड्यात का?"

"सवय झाली होती. सोमवारी पुसून टाकू म्हटलं. मग वाटलं, तू आलीस की विचारशील."

तिनं डोळे पुसले. मला वाटलं, आता त्याच्या अंगावर धावून जाईल, निदान ओरडेल. ती नेहमीपेक्षा हळू बोलली.

"साहेबांना तू सांग. तुझ्या तोंडानं. मी बाजूला उभी राहीन, पण एक शब्द बोलणार नाही."

तो गेला. साहेबांच्या खोलीच्या काचेपलीकडे आम्हाला दिसत होतं: तो बोलत होता, साहेब ऐकत होते, आणि ती बाजूला हाताची घडी घालून उभी होती. थोड्या वेळानं साहेबांनी तिच्याकडे वळून काहीतरी म्हटलं आणि तिनं मान डोलावली. तिची नोकरी राहिली. त्याच्या ओळखपत्राची पट्टी टेबलावर पडलेली मी पाहिली. काका कोपऱ्यात उभे राहून हे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता.

६

जाऊबाईंना सोडायला मी खाली गाडीपाशी आले. माझ्या पोटात दुखत होतं ते दुखतच होतं. मी हे ओळखायला हवं होतं, माझं ऑफिस, माझी माणसं. सगळं डोळ्यांसमोर होतं आणि ओळखलं यांनी.

शेवटी न राहवून विचारलंच. "काका उघड जळत होते. कुणीही त्यांनाच धरलं असतं. तुम्ही त्यांना का सोडलंत?"

"जो जळतो आणि ते बोलून दाखवतो, तो हात लावत नाही," त्या म्हणाल्या. "जो कौतुक करतो आणि मीच तपासलं म्हणतो, त्याला मी ओळखते."

"कसं काय?"

त्यांनी गाडीचं दार उघडलं होतं, ते पुन्हा लावलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना शब्द शोधताना पाहिलं.

"तू नवीन आलीस तेव्हा सगळं घर तुझ्याभोवती गोळा व्हायचं," त्या म्हणाल्या. "तू काही बोललीस की हसायचे. मी इतकी वर्षं त्या घरात राबत होते, माझ्या बोलण्यावर कधी कुणी हसलं नव्हतं. रात्री तू दूध विरजून झोपायला गेलीस की मी उठायचे. झाकण काढायचे, भांडं तिरपं करून बघायचे, लागतंय की नाही. परत थोड्या वेळानं बघायचे. मोडायचं असं मनात नव्हतं. पहिल्यांदा तरी नव्हतं."

भांडं हलवलं की दही मोडतं, हे लहान पोरालाही माहीत असतं. सासूबाईंचे शब्द माझ्या कानात पुन्हा घुमले, चारचौघांत म्हटलेले. मला राग आला, खूप राग आला, आणि त्याच्या जोडीला एक गोष्ट झाली ती सांगितली पाहिजे: मला आनंद झाला. ही बाई, जिचं सगळं बघ बघ म्हणून मला ऐकवलं, ती अंधारात उठून माझं भांडं बघत होती.

"किती वर्षांपूर्वीचं ते," त्या म्हणाल्या. "आता सोडून दे."

काचेपलीकडे हाताची घडी घालून उभी असलेली चिमणी माझ्या डोळ्यांसमोर आली. मी फोन काढला, सासूबाईंचा नंबर लावला आणि जाऊबाईंपुढे धरला.

"तुम्ही सांगा," मी म्हटलं. "मी एक शब्द बोलणार नाही."

पलीकडे घंटी वाजत होती. जाऊबाईंनी फोनकडे पाहिलं, माझ्या उसवलेल्या बाहीकडे पाहिलं. मग सासूबाईंचा हॅलो ऐकू आला आणि जाऊबाईंनी फोन घ्यायला हात पुढे केला.